सरजाबाईचा डेरा

८ जानेवारी १९६१, रविवार. अकोला

दोन दिवसांसाठी दादाकडे आले आहे. वडिलांची वकिली दादाने चालवायला घेतली, पण वडिलांची शिस्त घेतली नाही. कागदपत्रांवर चहाच्या कपांची वर्तुळे आहेत. 

सकाळी मागच्या अंगणात सरजाबाई रतीब घालायला आली. मी परकर नेसत होते तेव्हापासून आमच्याकडे म्हशीचे दूध तिचेच. आता केस पांढरे, पाठ तशीच ताठ. दूध मापून झाल्यावर तिने रिकाम्या किटलीत तांब्यातले काहीतरी गढूळ, फेसाळ ओतले, किटली चार वेळा हलवली आणि उपडी केली. पाण्याबरोबर आतला बुळबुळीत थर काकडीच्या सालीसारखा सुटून फरशीवर पडला. किटलीचा गळा इतका अरुंद की हात आत जाणे शक्यच नाही. म्हणजे घासले काहीच नव्हते.

तीन वर्षे मी याच थराच्या मागे आहे. काच, रबर, पत्रा, जिथे ओल राहते तिथे जंतू असा थर धरतात. माझ्या वहीत मी त्याला ‘साय’ म्हणते. पाण्यात सुटे फिरणारे जंतू फिनॉलने मरतात; सायीत बसलेले मरत नाहीत. माझ्या तीन वर्षांच्या कामाचे सार हे एवढेच आहे, आणि ते मला मान्य नाही.

“त्यात काय होते, सरजाबाई?”

“ढेपेचं पानी, ताई. म्हशीले भिजवतो ते. काऊन, वास येऊन राहिला काय?”

वास येतच होता. सरकीची भिजलेली ढेप: आंबट, तेलकट, थोडा कुबट. एकदम सातवी-आठवीची वर्षे आठवली. दुपारची शाळा सुटल्यावर गोठ्यांच्या बाजूने घरी येताना हाच वास लागायचा, आणि मी नाकाला पदर नसल्याने वही लावायची.

९ जानेवारी

सरजाबाईच्या गोठ्यात जाऊन आले. वहिनीने विचारले, “तुम्ही? गोठ्यात?”

चार म्हशी. कोपऱ्यात तीन दगडांवर एक मातीचा डेरा, कमरेएवढा, बाहेरून काळा, कडेला चिकटून वाळलेल्या फेसाच्या रेघा. त्यात ढेप भिजते. वरचे पाणी किटल्यांना, खालचे म्हशींना. उतरत आला की उरलेल्यावरच नवी ढेप आणि नवे पाणी. सासूच्या वेळचा आहे म्हणे, आणि सासूकडे तिच्या सासूचा.

“धुता केव्हा?”

“डेरा? धुवाचं कायले जी? ते काई भांडं थोडंच हाय.”

मला ते पाहवले नाही हे प्रामाणिकपणे नोंदवते. तरीही दोन बाटल्या भरून घेतल्या.

१० जानेवारी. अमरावती

बडनेऱ्याला गाडी बदलताना एका बाटलीचे बूच उडाले. माझी पिशवी, माझे पातळ, शेजारच्या गृहस्थांचे धोतर. त्यांनी जागा बदलली.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत गणपतराव (आमचे परिचर, बावीस वर्षांची नोकरी, काम सावकाश, मत तत्काळ) म्हणाले, “बाई, गावात ढेप भेटत नाई काय, अकोल्याहून आनली?”

दु. ३. मुद्दाम साय धरवलेल्या काचपट्ट्या तीन पेल्यांत बुडवल्या. एकात साबणाचे पाणी, एकात फिनॉल, एकात डेऱ्याचे पाणी (यापुढे डे. पा.). तासाभराने पहिल्या दोन जशाच्या तशा. तिसऱ्या पट्टीवरची साय कडेने उचलली गेली होती, आणि पेला हलवताच एकसंध सुटली.

स्टुलावर बसले. वहीत तारीख चुकीची पडली. खोडून बरोबर केली. माझ्या वहीत खाडाखोड गेल्या वर्षभरात नव्हती.

१९ जानेवारी

डे. पा. गाळले, काम करते. उकळले, अर्धा तास उकळले, तरीही करते. याचा अर्थ साय सोडवणारा तो जंतू नव्हे; जंतूने तयार करून पाण्यात सोडलेला काही पदार्थ. जंतू मेला तरी त्याची कमाई शिल्लक राहते. साबणासारखा, पण साबण नव्हे. पाण्यावरचा तेलाचा थेंब याचा स्पर्श होताच विरून पसरतो. ज्या नळीतून साध्या पाण्याचे वीस थेंब पडतात तिच्यातून याचे छत्तीस. सहा वेळा मोजले.

गुरुवर्य असते तर सातव्यांदा मोजायला लावले असते. बंगळूरला पहिले तीन महिने त्यांनी मला एकाही जंतूजवळ जाऊ दिले नाही. फक्त काचसामान धुवायचे. परीक्षानळी उजेडाकडे धरून पाहायचे आणि परत द्यायचे: पुन्हा. त्या खोलीची पूर्वेची खिडकी, बाहेरचे गुलमोहराचे झाड, आम्लाने फुटलेली माझी बोटे. मी रडले नव्हते. चौथ्या महिन्यात ते म्हणाले, “आता तुमची नळी रिकामी आहे.” इतकी मोठी शाबासकी मला त्यानंतर कोणी दिलेली नाही. डॉक्टरेटसुद्धा तिच्यापुढे फिकी वाटली.

३ फेब्रुवारी

बाटलीतले डे. पा. संपत आले, आणि त्याच्यातून नवे तयार होत नाही. फ्लास्कमध्ये निर्जंतुक ढेप घालून, बाटलीतले चमचाभर लावून पाहिले. घाण वास येतो, गुण येत नाही. पाच वेगवेगळे जंतू शुद्ध वंशात वेगळे काढले आहेत. पाच नळ्या, क्रमांक १ ते ५. एकेकटा कोणीही साय सोडवत नाही. क्र. ३ किंचित फेस आणतो, एवढेच.

माझे मत: नमुना प्रवासात बिघडला. मूळ डेराच येथे हवा. दादाला तसे लिहिले.

९ फेब्रुवारी

दादाचे कार्ड. “सरजा डेरा देणार नाही. तू मागू नयेस असे मला वाटते. आईने मागितला नसता.”

आईने काय केले असते हे दादाने मला सांगावे. आईचा शेवटचा आजार कोणी काढला?

१९ फेब्रुवारी, रविवार. अकोला

मागितला.

सरजाबाई म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग, “घराभाईर गेला नाई तो कदी.”

मी सांगितले, आठवडाभर. सांगितले की याच्यातून दवाखान्यातल्या रबरी नळ्या, पाण्याच्या टाक्या, सगळे स्वच्छ होऊ शकेल. की पुस्तकात येईल. ती ऐकत होती की नाही कळेना.

“तवरक म्हशीले बादलीत भिजवीन,” ती शेवटी म्हणाली. “तुमच्या मायनं माह्या पोरीच्या येळेस आठ दिवस सोता डबा धाडला. मले नाई म्हनता येत नाई तुमाले. पुढच्या ऐतवारी आनजा.”

डबा मला आठवतो. पितळी, चार पुडांचा, कडीला लाल दोरा. तो पोचवायला मीच जात असे, आणि परत येताना एखादे पूड भरलेले असे: कधी खरवस, कधी दोन लिंबे, कधी नुसती तुळशीची पाने. आई झाकण उघडून पाही आणि हसे.

२० फेब्रुवारी

डेऱ्यासह प्रवास. तोंडाला फडके, भोवती गोणपाट, सुतळी. महिलांच्या डब्यात पातूरकडच्या एक आजी समोर बसल्या होत्या. बोरगाव गेल्यावर त्यांनी नाक उचलले.

“ढेप हाय ना व?”

“हो.”

“जुनी दिसते. झकास लागली.” मग माझ्याकडे, माझ्या चष्म्याकडे पाहून, “म्हशी किती हायेत?”

“एकही नाही.”

त्या बडनेऱ्यापर्यंत माझ्याकडे पाहत होत्या, दयेने.

२४ फेब्रुवारी. अमरावती

पाच दिवस सकाळी सात ते संध्याकाळी सहा. जेवण डब्यातले, उभ्याने. इतके समाधान मला बंगळूर सोडल्यापासून लाभले नव्हते. खिडकीकडे पाहिले तर गुलमोहर दिसेल असे वाटत होते.

डे. पा. ताजे असताना दुपटीने प्रभावी. कॉलेजच्या टाकीच्या नळातून ओतले. दुसऱ्या दिवशी नळाच्या तोंडातून करंगळीएवढी साय बाहेर पडली. गणपतराव म्हणाले, “अजगर निंघाला बाप्पा.” उकळलेले डे. पा. आणि न उकळलेले, दोन्हींचा गुण सारखा. सर्व आकडे तीन प्रतींत. शोधनिबंधाचे पहिले पान लिहिले. पहिले वाक्य अकरा वेळा बदलले, आता चांगले आहे.

तळाचा गाळ तपासून टाकून दिला. त्यातही तेच पाच जंतू. शुद्ध वंश माझ्याकडे आहेत; गाळाची आवश्यकता नाही. शिवाय प्राचार्यांनी दोनदा वासाबद्दल विचारले.

२५ फेब्रुवारी, शनिवार

उद्या डेरा परत द्यायचा. दुसऱ्याचे भांडे उष्टे, खरकटे परत करायचे नाही आणि रिकामे परत करायचे नाही, हे आईने आम्हाला अक्षरओळखीआधी शिकवले. शेजारून वाटीभर विरजण आले तरी वाटी राखेने लख्ख होऊन, चिमूटभर साखर घालून जायची.

गणपतरावांच्या हातचे धुणे मला चालत नाही. स्वतः बसले. धुण्याचा सोडा, नारळाची शेंडी, तीन वेळा उकळते पाणी. काळेपणा पापुद्र्यांनी निघाला. आत हात घालून तळाची खाच न् खाच घासली. खाली लाल माती निघाली, आणि गळ्याभोवती कुंभाराने बोटाने काढलेली पानांची वेल. किती वर्षांत ती कोणी पाहिली नसेल. दुपारभर उन्हात उपडा ठेवला.

गणपतराव दारात उभे होते.

“बाई, लय घासला.”

“परत करताना भांडे असेच द्यायचे असते.”

“हो जी,” म्हणाले, आणि गेले.

डेऱ्यात पायलीभर शरबती गहू भरले, वर गुळाची भेली. आई असती तर वेलीवरून बोट फिरवले असते.

२६ फेब्रुवारी, रविवार. अकोला

डेरा पोचवला. सरजाबाईने फडके काढले. गहू पाहिले. ओंजळीने बाजूला करून आत कोपरापर्यंत हात घातला, तसाच ठेवला. मग हात काढला. “चांगलं केलं, ताई. बसा. चहा टाकतो.”

तिला भरून आले होते, हे स्पष्ट दिसत होते. गुळाचा खडा तिने देवापुढे ठेवला. निघताना मी वेल दाखवली. “हो व माय,” म्हणाली, “याच्यावर येल होता.”

रात्रीच्या जेवणात दादा म्हणाला, “दिला ना परत? झालं तर.” त्याला माझ्या कामातले काही कळत नाही.

१४ मार्च. अमरावती

निबंध अडला आहे. पाचही वंश निर्जंतुक ढेपेवर वाढवले: एकेक, दोन-दोन. क्र. ३ आणि ५ मिळून थोडा गुण, तोही दुसऱ्या दिवशी नाहीसा. तुलनेसाठी ताजे डे. पा. हवे. दादाला लिहिले, कोणी येणारे असेल त्याच्याबरोबर एक बाटली पाठव.

परीक्षेच्या कामात दोन पेपरांवर मुलांनी तेलाचे डाग पाडले. गुण कापले.

१८ मार्च

बाटली आली नाही, पत्र आले. दादाचे, खाली वहिनीच्या चार ओळी.

सरजाबाईचे दूध पंधरा-वीस दिवसांत चारदा नासले. आमच्याकडे, मग डॉक्टरांकडे, मग कुठे कुठे. किटल्यांना आतून बुळबुळ धरते आणि सुटत नाही. राख घालून, खडे घालून हलवते, तरी नाही. अकरा घरांतली सहा घरे सुटली. वहिनी लिहिते: “तुम्ही एवढ्या शिकलात, तिच्या किटल्यांना काही औषध असेल तर कळवा. ती म्हणते डेरा बसत नाही. आम्हाला त्यातले समजत नाही. पुढे ऊन वाढेल तसे आणखी नासेल. इतक्या वर्षांचा रतीब बंद करायचा जीव होत नाही.”

पत्र दोनदा वाचले. दुसऱ्यांदा उभी राहून.

१९ मार्च

मी धुतला.

१९ जानेवारीची नोंद उघडून पाहिली. माझ्याच अक्षरात आहे: जंतू मेला तरी त्याची कमाई शिल्लक राहते. पाणी उकळले तरी गुण जात नाही हे मी दोनदा सिद्ध केले, आणि मग ते पाणी जिथे तयार होत होते ते घर तीन वेळा उकळत्या पाण्याने धुतले. कमाई धुऊन गेली, कमावणारे मेले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हे केले असते तर मी त्याला वर्गाबाहेर उभे केले असते.

गाळ मी टाकला. तेच पाच जंतू त्यात होते हे खरे, पण ते किती होते, कोण खाली, कोण वर, कोण कोणाच्या आधाराने, आणि माझ्या ताटलीवर जे वाढलेच नाहीत असे किती, हे मी पाहिले नाही. मला शुद्ध वंश हवे होते. डेऱ्यात शुद्ध काहीच नव्हते, म्हणून तो काम करत होता.

गणपतरावांना विचारले, त्या दिवशी तुम्ही काही बोलणार होता का.

ते ब्रश पुसत राहिले. “आमच्या घरी ताकाचं मडकं असंच हाय. माही माय धुवू देत नसे. म्या म्हनलं, बाईले माईत असन. बाई शिकेल हायेत.”

“मग सांगायचे होते.”

“तुमाले?” ते म्हणाले. हसले नाहीत.

२२ मार्च

निबंध कपाटात ठेवला. ज्याचा उगम दाखवता येत नाही आणि जो पुन्हा करून दाखवता येत नाही तो निष्कर्ष नव्हे; फार तर आठवण. माझ्या हातून आठवणी छापल्या जाणार नाहीत.

रजेचा अर्ज दिला. आठ वर्षांत पहिला. प्राचार्यांनी कारण विचारले. ‘घरगुती’ लिहिले.

२६ मार्च, रविवार. अकोला

दुपारी गोठ्यात गेले. तीन दगडांवर डेरा, लाल, वेल दिसते आहे. आत ढेप भिजलेली, वर मेलेले चिलट. फेस नाही.

येताना रस्त्यात वाक्ये तयार केली होती. तिच्यासमोर एकच निघाले.

“सरजाबाई, डेरा मी धुतला.”

“हो ना. दिसला मले.”

“त्याच दिवशी?”

“हात घातला तवाच. आंदी मडकं हाताले बुळबुळ लागे. आता कोरं लागलं, कुंभाराकडून आनल्यावानी.”

“मग बोलला का नाहीत? मी तिथेच बसले होते. चहा प्याले.”

“काय बोलाव जी? तुमी गहू भरून आनले होते. सोत्ताच्या हातानं घासलं होतं, बोटं फुटली होती तुमची, म्या पाह्यली. भरून आलेल्या भांड्यापुढं तोंड उघडते काय मानूस?” ती म्हशीखालचे शेण ओढू लागली. “तुमच्या मायनं डबा धाडला, तवा आमीबी भरूनच धाडला ना.”

मी म्हटले, मला आधी एक शब्द सांगायचा होता, की धुऊ नका.

“ते सांगा लागते काय?” तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. “सासूनं मरतावक्ती पयले डेरा सांगतला, मंग पोरं. माह्या हातून पुढं गेला नाई ना तो. पोरीले काय सांगू मी? वकील सायबाच्या पोरीनं धुतला म्हनू?”

“तसेच सांगा,” मी म्हटले.

“सांगतलं,” ती म्हणाली. “बसत नाई तिचा इश्वास. म्हनते, ते तं लय शिकेल बाई हाय.”

बादलीत आठवडाभर भिजवले त्यातले काही राहिले आहे का, विचारले. “बादली रोज धुतो जी.”  म्हैस रवंथ करत होती.

२ एप्रिल. अकोला

काल अमरावतीहून पाच नळ्या आणल्या. वंशाला वंश मिसळणे हा आमच्या कामातला सर्वांत मोठा गुन्हा. बंगळूरला एकाने चुकून केले तर गुरुवर्यांनी त्याच्या सर्व ताटल्या त्याच्यासमोर जाळल्या होत्या. आज पाचही नळ्या एकामागून एक डेऱ्यात ओतल्या. कोणाचे किती, हे मोजले नाही. मोजून उपयोगही नव्हता, कारण मूळ प्रमाण मला ठाऊक नाही. क्र. ३ ओतताना हात थांबला. ती नळी सर्वांत सुरेख होती.

सरजाबाई पाहत होती. “एवढुसकं?”

“यात कोट्यवधी आहेत.”

“असतीन.” ती उठली, गव्हाणीच्या सांदीतून खुरप्याने जुनी वाळलेली ढेप खरवडली, काळी, धुळीची, आत म्हशीचे केस. मूठभर डेऱ्यात टाकली. मी तोंड उघडले आणि मिटले.

“कुठली आहे ती?”

“याच डेऱ्यातली. म्हशीच्या तोंडातून सांडलेली. कोनास ठाऊक कवाची.”

हे मला सुचायला हवे होते. जंतू वाळूनही वर्षानुवर्षे जगतात, मीच शिकवते.

५ एप्रिल

काही नाही. थेंब मोजले: वीस. साधे पाणी.

वहिनी सकाळी दूध तापवताना पदराने वारा घालते, जणू त्याने नासायचे थांबेल. आज टिकले. दुपारचे फाटले. दादाने फाटलेल्या दुधात साखर घालून खाल्ले, “आई करायची” म्हणाला. आई करत नसे. आईकडे दूध फाटत नसे. तरीही वाटीभर मीही खाल्ले.

८ एप्रिल

डॉक्टरांकडचा रतीब आज सुटला. उरली चार घरे, त्यातले एक आमचे. ऊन असे की दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. सरजाबाई एक म्हैस विकायचे म्हणते आहे. कोणती, हे म्हणत नाही.

माझ्या पगारातून तिचे नुकसान भरून द्यावे असे दादाला सुचवले. तो म्हणाला, “विचारून बघ, हिंमत असेल तर.” विचारले नाही. तो बरोबर होता. असे क्वचित होते.

११ एप्रिल

थेंब बावीस. दोनचा फरक मोजण्यातल्या चुकीचाही असू शकतो. पुन्हा मोजले: एकवीस. पुन्हा: तेवीस. माझा हात पूर्वी असा नव्हता.

सरजाबाईने डेऱ्यातले पाणी दोन बोटांत चोळले, अंगठ्याने ओढून पाहिले.

“लागलं थोडसं.”

“आकडा तसे म्हणत नाही.”

“आकड्याले काय मालूम? आंदी कदी मोजलं होतं त्यानं?”

निरीक्षणाच्या रकान्यात लिहिले: थेंब २१ ते २३. स.बाई: ‘थोडे लागले’. माझ्या वहीत दुसऱ्या कोणाचे मत आजवर कधी आले नव्हते. खोडलेले नाही.

१३ एप्रिल

गोठ्यात तिच्याबरोबर बसणे सवयीचे झाले आहे. ती सासूचे सांगते: डेऱ्याजवळ कोणाला साबण आणू देत नसे, बाळंतीण घरात असली की डेऱ्यावर फडके दुहेरी, सुनेने पहिली ढेप सासूच्या हाताखाली टाकायची. हे सगळे मी खुळचट म्हटले असते. आज एकेक लिहून घेतले, कारण प्रत्येकामागे काहीतरी कारण आहे आणि त्यातली निम्मी कारणे मला अजून सांगता येत नाहीत.

ती विचारते, बंगळूरला काय शिकवलं. मी म्हटले, पहिले तीन महिने काचेची भांडी धुवायला. ती इतकी हसली की म्हशीने मान वळवली.

“तीन महिने? अन् फी घेत होते काय?”

मलाही हसू आले. त्या खिडकीकडे पुन्हा मन गेले. गुरुवर्यांना हे पत्राने कळवता आले असते तर त्यांनी काय लिहिले असते? ते गेले त्याला सहा वर्षे झाली.

१५ एप्रिल

कडेला फेसाची एक रेघ. बोटभर लांब. ढेप कुजल्याचीही असू शकते.

साय धरलेली किटली धुऊन पाहिली. हलवली, उपडी केली. एका बाजूची साय सुटली, दुसऱ्या बाजूची नाही. सरजाबाई म्हणाली, बसला. मी म्हटले, अर्धा. आमचे दोघींचेही म्हणणे खरे असू शकते, किंवा दोघींचेही खोटे.

१६ एप्रिल, रविवार

पहाटे तिची मुलगी आणि जावई नांदगाव खंडेश्वराहून निरोप घेऊन आले. जावयाची आई अत्यवस्थ. सरजाबाईला जावे लागले, तीन दिवस तरी. धारा काढायला दीर आहे. डेऱ्याचे तिने मला सांगितले.

“सकाळी दोन ओंजळी ढेप टाकजा. पानी बोटभर. ढवळू नोका, वरतून फक्त. किटल्या त्याच्याच पान्यानं धुजा. अन् रतीब थांबवू नोका.”

मी म्हटले, अजून खात्री नाही. तीन दिवस रतीब बंद ठेवावा, दूध नासले तर उरलेली घरेही जातील.

“बंद केला तं जातीनच.” ती लुगड्याचा काचा घट्ट करत होती. “पयली किटली तुमच्या घरी न्याजा. नासलं तं तुमचं नासन.”

मुलगी दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. आईसारखीच पाठ. मग जाता जाता डेऱ्यापाशी गेली, आत पाहिले, आणि मला म्हणाली, “हात साबनाचा नोका घालू.”

“नाही घालणार,” मी म्हटले.

१७ एप्रिल

सहाला गोठ्यात. दोन ओंजळी ढेप, बोटभर पाणी, ढवळले नाही. थेंब मोजायची नळी मुद्दाम आणली नाही.

किटली डे. पा. घालून चार वेळा हलवली. उपडी केली. काही पडले, काही पडले नसावे. गळा अरुंद, आत उजेड पोचत नाही. एक बोट जेवढे जाते तेवढे आत फिरवून पाहिले. थोडे बुळबुळीत लागले. ती साय आहे की डेऱ्याचे पाणीच, हे बोटाला ओळखता येत नाही. सरजाबाईच्या बोटाला आले असते.

दिराने धार काढली. दूध त्याच किटलीत ओतले. पहिले आमच्या घरी दिले, वहिनीने पातेले पुढे केले. मग उरलेल्या तीन घरी मीच घेऊन गेले. तिसऱ्या घरच्या बाईंनी विचारले, “आज टिकेल ना हो?”

मला निश्चित सांगता येत नाही, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि भांडे आणायला आत गेल्या.